मुलाखत छान झाली, घरी ऐकली तर नुसता कूलर: दरवर्षीचं दुखणं आणि त्याचा इलाज

एप्रिल लागला की माझ्या फोनवर एकच निरोप निरनिराळ्या नंबरांवरून यायला लागतो. "ताई, मुलाखत एक नंबर झाली. फक्त मागचा कूलर काढून द्या न जी." सोबत चाळीस मिनिटांची फाइल, आणि खाली, "परवा सबमिशन आहे."

नागपुरात पत्रकारिता शिकणाऱ्या पोरांचे प्रकल्प नेमके उन्हाच्या तोंडावर येतात. ज्यांची मुलाखत घ्यायची ती माणसं बहुतेक वयस्कर, आणि त्यांच्या खोलीत कूलर असणारच. पत्र्याचा, खिडकीत बसवलेला, आत पाणी टपटपतंय, पंखा घरघरतोय. समोर बसून बोलताना त्याचा त्रास कोणालाच होत नाही, कारण आपलं लक्ष माणसाकडे असतं आणि कान कूलरला आपोआप बाजूला सारतात. फोनच्या माइकला ही अक्कल नाही. तो येईल ते सगळं एकाच भावाने घेतो.

मग घरी येऊन ऑडॅसिटी, म्हणजे आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर, उघडायचं, एखादा व्हिडिओ बघून नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा आवाज काढायची सोय, मारायचं. कूलर जातो खरा, पण माणूस हौदात बुडून बोलतोय असं वाटायला लागतं. मग फाइल माझ्याकडे. मी शिकत असताना माझ्या पहिल्या मुलाखतीचंही हेच झालं होतं, त्यामुळे रागावण्याचा हक्क मला नाही. पण दरवर्षी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

साठचे आठ कसे झाले

गेल्या उन्हाळ्यात तिघांचा एक गट एम्प्रेस मिलवर काम करत होता. जमशेदजी टाटांनी १८७७ साली नागपुरात सुरू केलेली ही कापड गिरणी. आज त्या जागेवर मॉल आहे, आणि या पोरांनी गिरणी पाहिलेलीच नाही. पाचपावलीत त्यांना एक आबाजी सापडले, उमेदीची वर्षं विणाई खात्यात घालवलेले, बोलायला खमके. दीड तास बोलले. पोरांनी फाइल साफ केली, संहिता लिहिली आणि मला दाखवली. त्यात एक वाक्य होतं, "आमच्या पाळीत आठ जण होते."

मला खटकलं. गिरणीच्या विणाई खात्याची अख्खी पाळी आठ माणसांवर? मूळ फाइल मागवली, हेडफोन लावला. आबाजी स्वच्छ म्हणत होते, "साठ जण."

मग 'स' कुठे गेला? तो नॉइज रिडक्शनने खाल्ला. स, श, फ ही अक्षरं म्हणजे निव्वळ हवेची फुसफुस, त्यात घशाचा सूर नसतोच. कूलरचा आवाजही बराचसा हवेचाच. हळू बोललेला 'स' सॉफ्टवेअरच्या लेखी कूलरच ठरतो, आणि कूलरसोबत तोही कचऱ्यात जातो. साठचे आठ होतात, 'सात'चं 'आत' होतं. बरं, ऐकताना काही चुकलंय असं वाटतही नाही, कारण उरलेला शब्दही अर्थपूर्ण असतो. घोटाळा तिथेच आहे.

दुसरा बळी वाक्याच्या शेपटीचा. आपल्या भाषेत नकार शेवटी येतो. "आम्ही काही संपात गेलो" इथपर्यंत आवाज चढा असतो, मग श्वास संपता संपता हळूच "नाही." ही 'नाही' कूलरच्या पातळीला आली की सफाईत पुसट होते, आणि कापताना घाई झाली तर साफ उडते. माणूस जे म्हणाला त्याच्या बरोबर उलटं तुमच्या फाइलमध्ये राहतं. इंग्रजीतून शिकवणाऱ्या व्हिडिओंमध्ये हे कोणी सांगत नाही, कारण त्यांचा नकार वाक्याच्या मधेच येऊन जातो.

आधी रोग ओळखा

कूलर कूलर म्हणून येणाऱ्या सगळ्या फाइली एकसारख्या नसतात. वायरचा हेडफोन लावा. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यावर खालचे सूर येतच नाहीत. मूळ फाइल उघडा, साफ केलेली नाही. आता अशी जागा शोधा जिथे आबाजींचं वाक्य संपलं आहे आणि तुमचा पुढचा प्रश्न सुरू व्हायचा आहे. दोन-तीन सेकंदांची ती शांतता चार-पाच वेळा ऐका.

बोलणं चालू असताना कूलर जेवढा होता तेवढाच त्या शांततेत असेल, तर तुम्ही सुदैवी. साधी केस आहे.

पण बहुतेक वेळा असं होतं की बोलणं थांबलं की कूलर हळूहळू फुगतो, आणि माणूस पुन्हा बोलला की दबतो. समुद्राच्या लाटेसारखं. ही करामत फोनच्या ऑटोमॅटिक गेनची. फोनच्या आत जणू कोणीतरी आवाजाच्या बटणावर हात ठेवून बसलं आहे. आवाज कमी आला की बटण वाढवायचं, जास्त आला की कमी करायचं. फोनवर बोलायला हे उत्तम. मुलाखतीला मात्र घातक, कारण माणूस थांबला की ते बटणवाले साहेब कूलरलाच मोठं करून दाखवतात.

आता इथे सापळा आहे, आणि माझ्या मते दरवर्षीच्या रडगाण्याचं खरं कारण हेच. नॉइज रिडक्शनला आधी कूलरचा नमुना द्यावा लागतो, म्हणजे गेट नॉइज प्रोफाइल. पोरं तो नमुना कुठून देतात? लांबलचक शांततेतून, कारण सगळ्या व्हिडिओंत तसंच सांगितलेलं असतं. पण त्या शांततेतला कूलर फुगलेला आहे. शब्दांच्या खाली असलेला कूलर त्याहून बराच लहान आहे. मोठ्या चोराचा फोटो देऊन लहान चोर पकडायला पाठवलं तर पोलीस दिसेल त्याला उचलणार, तसं सॉफ्टवेअर शब्दांच्या कडा उचलून नेतं. पाण्यात बुडालेला आवाज तिथून येतो.

तिसरा प्रकार, मूळ फाइलच पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी. म्हणजे फोनने किंवा अॅपने स्वतःच रेकॉर्ड करताना सफाई केली आहे. याला उपाय नाही. जे नोंदलंच गेलं नाही ते कोणी आणून देऊ शकत नाही, कितीही महागडं सॉफ्टवेअर घ्या.

चौथा प्रकार, कूलर फार नाही पण माणूस विहिरीतून बोलतोय. इथे मी पहिला प्रश्न विचारते, कॉलर माइक लावला होता ना? "हो ताई, शर्टालाच लावला होता." लावला होता, पण चालू होता का? फोनला लागणाऱ्या माइकच्या पिनेवर तीन काळ्या पट्ट्या असतात, कॅमेऱ्याच्या माइकवर दोन. दोन पट्ट्यांची पिन फोनमध्ये खोचली की फोन तिला माइक मानत नाही आणि गुपचूप स्वतःच्या माइकवर रेकॉर्ड करत राहतो. स्क्रीनवर रेषा नाचत असतात, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. काही कॉलर माइकना फोन आणि कॅमेरा असं छोटं बटणही असतं, ते उलट्या बाजूला राहिलं तरी गोची होते. परीक्षा सोपी आहे. रेकॉर्डिंग लावा, कॉलर माइकच्या बोंडावर नखाने टिचकी मारा, मग फोनच्या खालच्या कडेवर मारा. कोणत्या टिचकीने रेषा उसळते ते पाहा. तीन वर्षांत मी ही टिचकी निदान वीस पोरांकडून मारून घेतली असेल, आणि त्यातल्या कित्येकांचे चेहरे तिथेच पडले.

सतत एकसारखा 'घूं' असेल तर बहुतेक वेळा फोन किंवा लॅपटॉप चार्जिंगला लावलेला असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आंदोलनांची, त्यामुळे हा घूं ५०, १००, १५० अशा ठरलेल्या सुरांवर बसतो. चार्जर काढा.

झालेली फाइल वाचवायची आहे

परवा सबमिशन आहे म्हणता, तर आधी हे. मूळ फाइलची कॉपी करा आणि मूळ फाइल अशा ठिकाणी ठेवा जिथे तुमचा हात जाणार नाही. साठ-आठचा घोटाळा सापडला तो मूळ फाइल जिवंत होती म्हणून.

सगळ्या दीड तासाची सफाई करत बसू नका. प्रकल्पात शेवटी सात-आठ मिनिटं लागतात. आधी कागदावर निवडा, कुठलं वाक्य किती मिनिटाला आहे ते लिहा, ते तुकडे वेगळे काढा. मात्र प्रत्येक तुकड्याच्या मागेपुढे दोन-दोन सेकंद जास्तीचे ठेवा. वाक्य संपल्यावरचा श्वासही त्यात येऊ द्या. मी वर म्हटलेली 'नाही' तिथेच लपलेली असते.

पहिला हात हाय-पास फिल्टरचा. ८० ते १०० हर्ट्झच्या खालचे, म्हणजे अगदी खालचे सूर कापून टाका. कूलरच्या मोटरची गुरगुर आणि टेबलाचा थरथराट यातला बराच भाग तिथे बसतो, आणि बोलण्यातलं काही कमी होत नाही. जुन्या लँडलाइन फोनवर ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा आणि तरी आपण आयुष्यभर त्यावर भांडलो, हे लक्षात ठेवा म्हणजे भीती वाटणार नाही. निम्मी फाइल एवढ्यानेच सुसह्य होते.

मग नॉइज रिडक्शन, पण नमुना लांब शांततेतून घेऊ नका. वाक्य संपल्या संपल्या जो अर्धा सेकंद असतो, फोनने अजून बटण वाढवायच्या आधीचा, तो निवडा. अर्धा सेकंद पुरतो. त्यात श्वास, खुर्चीची कुरकुर, तुमचं "हं हं" काही नको. किती कमी करायचं तिथे ६ डेसिबल (आवाजाच्या जोराचं माप) टाका. फार तर ९. पोरं २४ टाकतात, कारण तेवढी जागा दिलेली असते.

आता ज्या खुबीकडे कोणी बघतही नाही ती. त्याच खिडकीत खाली 'रेसिड्यू' असा पर्याय आहे. तो निवडून प्रिव्ह्यू ऐका. सॉफ्टवेअर जे फेकून देणार आहे ते सगळं त्यात ऐकू येतं. नुसती कूलरची सळसळ ऐकू आली तर बिनधास्त पुढे जा. त्या कचऱ्यात "स्स्", "श्श्" किंवा अर्धामुर्धा शब्द ऐकू आला तर तुम्ही आबाजींना फेकताय. आकडा कमी करा, सेन्सिटिव्हिटी कमी करा, पुन्हा ऐका. तरीही शब्द जातच असतील तर सफाई सोडून द्या. कूलर असलेला माणूस चालतो, अर्धवट शब्दांचा माणूस चालत नाही.

फुगलेल्या जागांसाठी मात्र हाताने काम करावं लागतं. एन्व्हलप टूल घेऊन त्या-त्या शांततेत आवाज चार-पाच डेसिबल खाली ओढा, म्हणजे शब्दांखालचा कूलर आणि मधला कूलर सारखे वाटतील. कंटाळवाणं काम आहे. सात मिनिटांच्या तुकड्यांना मला तासभर लागतो. ती शांतता पूर्ण म्यूट मात्र करू नका. कूलर, शब्द, एकदम कबरस्तान, पुन्हा कूलर असं झालं की ऐकणाऱ्याला वाटतं लाइन तुटली.

दोन तुकडे जोडताना मधे खड्डा पडतो, कारण एका तुकड्यात कूलर मोठा, दुसऱ्यात लहान. त्यासाठी खोलीचा रिकामा आवाज हवा. कोणी बोलत नाही, कूलर चालू आहे, असा अर्धा मिनिट. तो वेगळ्या ट्रॅकवर सगळ्या मुलाखतीखाली हलकासा पसरला की सांधे दिसत नाहीत. शिवणीवर पट्टी लावतात तसं. रेकॉर्ड करायला विसरला असाल तर लांब शांततेतून कापून तोच तुकडा जोडून जोडून वापरा. नमुन्याला चालत नव्हती ती शांतता इथे कामाला येते.

आणि निवेदनात एकदा सांगून टाका, "पाचपावलीतलं घर, दुपारचे दोन, कूलर सुरू आहे." एवढं सांगितलं की ऐकणारा कूलरला माफ करतो. न सांगितलं तर पहिली दोन मिनिटं त्याच्या डोक्यात "हा आवाज कशाचा" हेच फिरत राहतं. काही सरांना हे पटत नाही, त्यांना सगळं स्टुडिओसारखं लागतं. मला पटतं.

आवाज मोठा करणं अगदी शेवटी. आधी मोठा केला तर कूलरही मोठा होतो आणि मग त्याच्याच मागे धावायचं. ऑडॅसिटीत लाउडनेस नॉर्मलायझेशन आहे. स्टिरिओ असेल तर उणे १६ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप), मोनो असेल तर उणे १९, पॉडकास्टसाठी हे आकडे सर्रास वापरतात. एकट्या माणसाची मुलाखत मोनोच ठेवा.

एक वीत

हे सगळं झालेल्या चुकीवरचं मलम. चूक होऊच नये यासाठी एकच गोष्ट आहे आणि ती फुकट आहे. माइक तोंडापासून एक वीत.

हिशेब करून दाखवते. तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर निम्मं केलं की माणसाचा थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो. पोरं फोन कुठे ठेवतात? मधल्या टीपॉयवर, म्हणजे आबाजींपासून साधारण एक मीटर. एक मीटरचा अर्धा मीटर केला, ६ डेसिबल. अर्ध्याचा पाव केला, आणखी ६. झाले १२ डेसिबल, आणि पाव मीटर म्हणजे जवळपास एक वीतच. कूलर होता तिथेच आहे, त्याचा आवाज तेवढाच. म्हणजे माणूस कूलरपेक्षा बारा डेसिबलने वर आला. सॉफ्टवेअरकडून शब्द न बिघडवता आपण सहा किंवा नऊ मागत होतो. फोन हातभर पुढे सरकवून त्याहून जास्त मिळालं, आणि एकही 'स' गेला नाही. शिवाय माणूस जवळ आला की फोनला आवाज भरपूर मिळतो, त्यामुळे ते बटणवाले साहेबही गप्प बसतात. भिंतींचा घुमाराही कमी होतो. एका वितेत तीन कामं.

फोनचा मुख्य माइक खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो. ती कड माणसाकडे हवी. निम्मी पोरं स्क्रीन बघता यावी म्हणून ती कड स्वतःकडे ठेवतात आणि मग स्वतःचे प्रश्न खणखणीत, उत्तरं पुसट. फोन उघड्या टेबलावर नको, खाली उशी किंवा घडी घातलेली चादर हवी, नाहीतर कूलरचा थरथराट टेबलातून चढतो. तोंडाच्या अगदी समोर न ठेवता जरासा बाजूला ठेवा, म्हणजे प, फ, भ बोलताना हवेचा फटका बसणार नाही. आबाजींच्या शेजारी दोन-तीन पुस्तकं रचून त्यावर उशी आणि त्यावर फोन, हे माझं आवडतं सिंहासन.

"ताई, इतक्या जवळ ठेवलं तर ते अवघडतील." पहिली दोन मिनिटं अवघडतात, मग विसरतात. तुम्ही सारखं फोनकडे बघत राहिलात तर विसरत नाहीत.

कॉलर माइक असेल तर हनुवटीखाली वीतभर, छातीवर. आजींची मुलाखत असेल तर पदराला लावू नका. पदर सारखा सावरला जातो आणि प्रत्येक वेळी माइकवर वादळ येतं. ब्लाउजच्या काठाला लावावा लागतो, आणि तो त्यांनी स्वतः किंवा घरच्या बाईने लावावा. मंगळसूत्राचा खुळखुळाट आधी ऐकून घ्या.

कूलर बंद करता आला तर उत्तमच, पण इथे मी जरा कडक आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना ऐंशीच्या माणसाचा कूलर तासभर बंद ठेवायचा नाही. मुलाखतीपायी कोणाला ऊन लागलं तर कुठला प्रकल्प आणि कुठले मार्क. आम्ही असं करतो: अर्धा तास कूलर पूर्ण जोरात, पडदे ओढलेले, खोली गार. मग बंद. दहा-बारा मिनिटं खोली गार राहते. तेवढ्यात महत्त्वाचे दोन-तीन प्रश्न. मग कूलर चालू, पाणी, गप्पा, पुन्हा बंद. चार डावांत तासाभराचं काम होतं. कूलर चालू असतानाच्या गप्पाही रेकॉर्ड करत राहा, कारण माणसं खरं बोलतात ते बहुतेक तेव्हाच. बंद करणं शक्यच नसेल तर कूलर कमी स्पीडला आणि बैठक त्याच्यापासून लांबच्या कोपऱ्यात. फोन नुसता फिरवून पाठमोरा करण्यात अर्थ नाही, त्याचा माइक चहूबाजूंनी ऐकतो. कूलरचा झोत मात्र माइकवर येता कामा नये, नाहीतर आवाजावर हवेचे धपके बसतात आणि ते काही केल्या निघत नाहीत.

सकाळी साडेसहाला जाण्याचा सल्ला मीच एकेकाळी द्यायची. कूलर नसतो हे खरं. पण कोकिळा, दूधवाला, गाणं वाजवत येणारी कचऱ्याची गाडी आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, सगळे एकाच वेळी हजर होतात. आता सल्ला देत नाही.

फुटाळा तलावाच्या काठावर किंवा अंबाझरी तलावावर बसून मुलाखत घ्यायची हौस असेल तर वाऱ्याचं काय करणार ते आधी ठरवा. माइकवर स्पंज नसेल तर तिथला वारा कूलरपेक्षा वाईट.

सेटिंग, पटकन

वेव्ह फाइल, ४८,००० हर्ट्झ, १६ बिट, मोनो. तासाला साधारण ३४५ एमबी लागतात, तेवढी जागा आहे का बघा. ऑटोमॅटिक गेन बंद करायची सोय असलेलं रेकॉर्डर अॅप मिळालं तर तेच वापरा. मोठ्या आवाजाला रेषा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे पोचावी. वर जाऊन आदळली तर फाटलेला आवाज शिवता येत नाही, आणि गिरणीत आयुष्य काढलेली माणसं हसतात तेव्हा जोरात हसतात. एअरप्लेन मोड लावा. मधेच मावशीचा फोन आला आणि रेकॉर्डिंग बंद पडलं, हे मी फार वेळा ऐकलं आहे. बॅटरी सेव्हरही बंद करा, तो काही फोनमध्ये अॅपलाच झोपवतो.

दुसरा फोन असेल तर तोही लावा, सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे दोन्ही फाइली त्या टाळीवर जुळवता येतात. लांब रेकॉर्डिंगमध्ये दोन फोनची घड्याळं थोडीशी मागेपुढे सरकतात, म्हणून शेवटीही एक टाळी.

फाइल मैत्रिणीला व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. रेकॉर्डरचा आवाज दुसऱ्या फोनवर वाजवून व्हॉइस नोट करून पाठवणारेही मला भेटले आहेत. त्यांच्याबद्दल आणखी काही लिहीत नाही.

ऑडॅसिटीची जुनी आवृत्ती लॅबमध्ये असेल तर तुमचं काम जपणाऱ्या एयूपी फाइलसोबत तिच्याच नावाचा, शेवटी डेटा लिहिलेला फोल्डरही पेनड्राइव्हवर न्यावा लागतो. ३.० पासून सगळं एका एयूपी३ फाइलमध्ये असतं, पण ती जुन्या आवृत्तीत उघडत नाही. कॉलेजात कोणती आहे ते आदल्या दिवशी बघा.

आणि तीस सेकंदांची चाचणी. रेकॉर्ड करा, तिथेच, आबाजींच्या समोरच हेडफोन लावून ऐका. लाजू नका. ही एक गोष्ट केली असती तर माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या फाइली आल्याच नसत्या.

पुन्हा पाचपावलीत

साठ-आठच्या त्या गटाला मी दुसऱ्यांदा पाठवलं, यावेळी मीही सोबत गेले. आबाजींना सगळं समजावून सांगितलं, फोन इतका जवळ काहून ठेवतो आहोत तेही. ते हसले. म्हणाले, "पोरी, हे तू मला शिकवून राहिली? माग चालू असले तर खात्यात ओरडून काही होत नव्हतं. कानाशी तोंड न्यावं लागे, तवा ऐकू येई." एवढा वेळ मी डेसिबलचा हिशेब मांडत होते.

साठ जण त्यांनी पुन्हा सांगितले, यावेळी 'स' सकट. अकराव्या मिनिटाला आजी आत आल्या, आबाजींच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि कोणाला न विचारता कूलर लावून गेल्या. तो तुकडा पोरांनी प्रकल्पात तसाच ठेवला आहे. बटणाचा खट् आवाज, मग घरघर, आणि त्या घरघरीवर आवाज चढवून आबाजी पुढचं वाक्य पूर्ण करतात.